आडवं बोअर पहिल्या वर्षी पळतं, दुसऱ्या उन्हाळ्यात आटतं: दुखणं शोधायचं कुठं

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तिकडं माण-खटाव, कुठंही जा, मार्च लागला की एकच रडगाणं. विहिरीत उतरून भिंतीतनं आडवं बोअर मारलं, पाणी लागलं, पेढे वाटले, पहिल्या वर्षी मोटर रोज दोन-तीन तास जादा चालली, दुसऱ्या उन्हाळ्यात बोअरच्या तोंडाला नुसती ओल आणि तिसऱ्या वर्षी ती पण नाही. मग मशीनवाल्याला शिव्या, पाणाड्याला शिव्या, आणि हातात चार पैसे आले की पुन्हा तीच मशीन बोलवून दुसऱ्या अंगाला अजून शंभर फूट. चारी बाजूंनी भोकं पाडलेल्या आणि तरी कोरड्या ठणठणीत विहिरी आमच्याकडं पैशाला पासरी मिळतील.

विचारलं की माणूस दोनच गोष्टी सांगतो, दिशा आणि फूट. "ईशान्येला एकशेवीस फूट गेलोय." बरं, काठापासून किती खाली मारलं? "आसंल की तीस-पस्तीस." आणि आत जाताना बोअर चढतं होतं का सपाट? इथं मात्र गप्प. माझं म्हणणं एवढंच आहे की दहातली सात-आठ बोअरं दिशेनं आणि लांबीनं फसत नाहीत, ती उंचीनं आणि उतारानं फसतात, आणि ह्या दोन्ही गोष्टी टेप आणि गवंड्याची लेव्हल ट्यूब घेऊन फुकटात मोजता येतात, पण नारळ हातावर उभा राहतो का ते बघण्यात सगळ्यांचा जास्त वेळ जातो.

मी भूगर्भशास्त्र शिकलेला, काही वर्षं आखातात तेलाच्या रिगवर बोअरमधनं येणारा चुरा तपासायचं काम केलं, आता गावाकडं आहे. त्यामुळं मधे मधे तेलाचं येईल, चालवून घ्या, त्याचा इथं उपयोग आहे.

आधी खडक समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. आपल्या पायाखाली सगळा थंड झालेला लाव्हा आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, एकावर एक पसरत गेलेला, भाकरीची चवड रचावी तसा. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं, तिथं जवळजवळ १,२५० मीटरपर्यंत हाच दगड लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. (चावडीवर हमखास एकजण विचारतो की आपल्याकडं खाली तेल असंल का. तेल व्हायला समुद्रातला किंवा तळ्यातला गाळ लागतो, तसल्या गाळाचे खडक तिथं मधे सापडलेच नाहीत, त्यामुळं विषय संपला.) जतकडं, पूर्वेला आणि दक्षिणेला, ही जाडी कमी होत जाते, पण आपल्याला त्याचं काही घेणं नाही, पन्नास-साठ फुटी विहिरीत असे एक, दोन, फार तर तीन थर दिसतात.

एका थरात काय काय असतं ते उन्हाळ्यात विहीर रिकामी असताना खाली उतरून बघा. तळाचा दोन-तीन फुटांचा भाग भेगाळलेला असतो. मधला भाग म्हणजे काळा पाषाण, घण मारला तर टण्णकन आवाज येणारा, त्याच्या अंगात पाणी नावाला नाही, जे काय असेल ते उभ्या चिरांमधे. वरचा भाग मांजऱ्या, म्हणजे लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले त्यानं झालेला भोकाभोकांचा दगड. आणि दोन थरांच्या मधे बऱ्याच ठिकाणी तांबडा पट्टा, आपण गेरू म्हणतो तो. वरचा लाव्हा यायच्या आधी खालचा थर उघडा पडून कुजला, राख-माती साचली, मग वरनं नवीन रस येऊन भाजला, त्याची ही चिकण माती. कुठं चार बोटं जाड, कुठं माणूसभर, कुठं अजिबात नाही.

पाणी वरनं उभ्या चिरांतनं खाली येतं आणि गेरूवर अडतं, कारण गेरू पाणी पलीकडं सहज जाऊ देत नाही. म्हणून तांबड्या पट्ट्याच्या बरोबर डोक्यावर, वरच्या थराच्या भेगाळलेल्या तळात, झऱ्यांची रांग दिसते. झरा बंद झाला तरी तिथं शेवाळाचा वाळलेला हिरवट-काळा डाग राहतो. दुसरं पाणी गेरूच्या खाली, मांजऱ्यात असतं, पण तो कुजलेला आणि भोकं मोकळी असली तरच. बऱ्याच वेळा ती भोकं पांढऱ्या खड्यांनी गच्च भरलेली असतात, झिओलाइट नाहीतर कॅल्साइट, मग दगड लागतो मऊ, मशीन पळते सुसाट, आणि पाण्याचा टिपूस नाही. मऊ लागलं म्हणजे पाणी लागलं हे डोक्यातनं काढून टाका.

आता आडवं भोक काय करतं ते बघा. उभं बोअर आडव्या फटी कापत जातं, आडवं बोअर उभ्या चिरा कापत जातं, साधी गोष्ट आहे. पण पाणी जर दोन-अडीच फूट जाडीच्या सपाट पट्ट्यात असेल तर आडवं बोअर एकतर त्या पट्ट्यात असतं नाहीतर नसतं, अर्धवट काही नाही. पट्ट्याच्या चार फूट वर काळ्या पाषाणात तुम्ही दोनशे फूट जा, वाटेत उभी चीर कापली तर पाणी, नाहीतर दोनशे फूट दगडाचं पीठ.

तेलवाल्यांना हाच प्रश्न पडतो आणि त्यात कोट्यवधी रुपये अडकलेले असतात म्हणून ते त्याला फार गंभीरपणे घेतात. जड तेल थंड असताना वाहत नाही, म्हणून जमिनीत वाफ सोडतात. वाफ हलकी, ती वाळूच्या थरात वर वर जाते आणि छताला पसरते, तेल पातळ होतं आणि वाफेच्या झालेल्या पाण्याबरोबर खाली उतरतं, ते खालच्या चिकणमातीच्या थरावर येऊन थांबतं. कॅलिफोर्नियातलं कर्न रिव्हर हे फील्ड १८९९ मधे सापडलं, १९६० च्या दशकात तिथं वाफ सुरू झाली, वाळू आणि चिकणमाती आलटून पालटून. इतकी वर्षं वाफ दिल्यावर बऱ्याच वाळूच्या थरांचा वरचा भाग रिकामा झालाय आणि उरलंसुरलं तेल तळाला, मग आडव्या विहिरी टाकायच्या त्या त्या तळाला, चिकणमातीच्या अगदी डोक्यावर. थोडं वर राहिलं तर तेलाऐवजी वाफच आत शिरते, थोडं खाली गेलं तर बिट, म्हणजे भोक पाडणारं टोक, चिकणमातीत रुतून बसतो आणि तेवढी लांबी फुकट. कॅनडात रॉजर बटलर या इंजिनियरच्या डोक्यातनं निघालेली पद्धत आहे, एकाखाली एक दोन आडव्या विहिरी, मधे साधारण ५ मीटर अंतर, वरच्यातनं वाफ सोडायची, खालच्यातनं तेल काढायचं. तिथंही मधे चिकणमातीचा सलग पट्टा आला तर वाफ वर चढत नाही आणि तेवढा तुकडा थंडच राहतो.

मला यातनं उचलण्यासारखी वाटते ती महागडी यंत्रं नव्हेत. ड्रिलिंगच्या आधी त्यांना उंची माहीत असते, ही गोष्ट उचला. आजूबाजूच्या निरीक्षण विहिरींमधे तापमान मोजून वाफ कुठवर उतरली, तेल कुठं राहिलं हे कागदावर काढलेलं असतं, आणि ड्रिलिंग चालू असताना बिटच्या मागं एक गॅमा मोजणारं यंत्र असतं, चिकणमातीत नैसर्गिक किरणं जास्त असतात त्यामुळं बिट तिच्या जवळ आला की वर उचलायचा. आपल्याकडं वाफ नाही, तेल नाही, ते यंत्रही नाही. पण खाली चिकण थर, त्याच्या डोक्यावर द्रव आणि खाली ओढणारं वजन, हे तिन्ही तेच आहे.

आता तुमचं बोअर बंद का पडलं ते शोधू. सोप्यापासून सुरू करतो.

पहिलं बघायचं तोंड कुठं आहे. काठावरनं टेप सोडा, बोअरचं तोंड किती फुटांवर आणि मे महिन्यात सकाळी मोटर चालू करायच्या आधी पाणी किती फुटांवर. मग शेजारच्या तीन-चार विहिरींची पातळी घ्या, त्यांचे काठ आपल्यापेक्षा उंच का सखल तेही बघून घ्या. चढतं बोअर आपल्या तोंडाच्या वरचंच पाणी खाली आणू शकतं. तोंड २५ फुटांवर आणि आजूबाजूची पातळी उन्हाळ्यात ४० फुटांवर गेली तर त्या बोअरमधे कसलाही बिघाड नाही, त्याच्या आवाक्यात पाणीच उरलेलं नाही. ते पावसाळी बोअर आहे, साफ करण्यात पैसे घालू नका. असं का होतं याचं कारण फार साधं आहे हो, मशीन बसवायला जिथं पायरी नाहीतर कपार सापडते तिथं मशीन बसते, पाणी कुठनं येतंय ते बघून नाही. फळ्या-अँगल टाकून मचाण करायचा खर्च दहा फूट बोअरच्या पैशात भागतो, पण तो करायला मशीनवाला नाखूश असतो आणि मालकाला घाई असते.

दुसरं, उतार. बोअर तोंडाकडनं आत जाताना हलकं वर चढलं पाहिजे, म्हणजे पाणी आणि गाळ आपोआप बाहेर येतो. पण किती चढ? मशीनच्या पाच फुटी रॉडला एक इंच म्हणजे शंभर फुटांवर वीस इंच, एवढा पुरे. रॉडला तीन इंच दिले तर शंभर फुटांवर पाच फूट वर गेलात, म्हणजे पाण्याच्या पट्ट्यातनं बाहेर पडून काळ्या पाषाणात. आपले लाव्ह्याचे थर जवळजवळ सपाट असतात, बहुतेक ठिकाणी एक अंशापेक्षा कमी कललेले, म्हणून चूक होते ती थराच्या कलामुळं नाही, मशीनच्या कलामुळं. त्यात जोरात रेटलं की रॉड मधेच वाकतात आणि भोक स्वतःच दिशा बदलतं, मऊ-कठीणच्या सीमेवर तिरका बिट आला की तो घसरतोच.

जुन्या बोअरचा उतार बघायचा एक जुगाड सांगतो. ठिबकची १६ एमएमची लॅटरल, म्हणजे बारीक नळी, घ्या, छिद्रं नसलेली, ती बोअरमधे शेवटपर्यंत सरकवा. बाहेरच्या टोकाला पारदर्शक नळी जोडून ती विहिरीच्या भिंतीला उभी धरा आणि हळूहळू पाणी ओता, बुडबुडा अडकू देऊ नका. आतल्या टोकातनं पाणी सांडायला लागलं की बाहेरच्या नळीत पातळी वाढायची थांबते. ती पातळी तोंडापेक्षा जितकी वर तितकं आतलं टोक वर. तोंडाच्या वर चढतच नसेल तर बोअर आत खाली झुकलंय, त्यात पाणी आणि गाळ बसून राहणार. भोकातनं धार चालू असताना हे नीट कळत नाही, म्हणून उन्हाळ्यात करा. आणि लॅटरल मधेच अडली तर किती फुटांवर अडली ते लिहून ठेवा, त्याचा पुढं उपयोग आहे.

तिसरं दुखणं गेरूचं, आणि याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पहिल्या वर्षी पळून दुसऱ्या वर्षी बंद पडणाऱ्या बोअरांमधे हेच जास्त सापडतं. माणगंगेच्या खोऱ्यात आमच्या मेव्हण्याच्या चुलत्यांची, तात्यांची, विहीर आहे, ५२ फूट खोल. वरचे १५ फूट मुरूम, बांधून घेतलेला. तिथनं ३८ पर्यंत काळा पाषाण, ३८ ते ४० तांबडा पट्टा, खाली मांजऱ्या. मशीन बसली ३६ फुटांवर, तिथं कपार होती म्हणून. सुरुवातीला निळसर-काळं पीठ, एका रॉडला बराच वेळ. सहाव्या रॉडला रंग फिरला, विटकरी पाणी यायला लागलं, रॉड भसाभस आत.

"तात्या, लागलं बघा!" मशीनवाला म्हणाला.

"लाल कसं काय येतंय रं?"

"माती हाय, दोन दिसात धुऊन जाईल."

बाराव्या रॉडला मांजऱ्या लागला आणि खरंच धार सुरू झाली, फेसाळ, तांबूस, मनगटाएवढी. सगळे खूश. आता हिशोब करा. ३६ फुटांवर तोंड, ३० फूट आत गेल्यावर ३८ वरचा गेरू, म्हणजे ३० फुटांत दोन फूट खाली, बोअर चढतं नव्हतंच, उतरतं होतं. पुढचे ३० फूट गेरूतनं आणि मग खालचा मांजऱ्या. पावसाळा नुकताच संपलेला, मांजऱ्यातल्या पाण्याला वरनं दाब होता म्हणून ते उतरत्या भोकातनंही वर येऊन तोंडाबाहेर पडलं. जानेवारीनंतर दाब कमी झाला, पाणी तोंडापर्यंत चढेना. तोवर गेरू भिजून फुगला आणि मधली ३० फूट लांबी बसली. उन्हाळ्यात लॅटरल घातली तर २९ फुटांवर गच्च. कॉम्प्रेसर लावून फुंकलं तर लाल चिखल निघतो आणि आठवड्यात पुन्हा तेच, कारण भोकाच्या भिंतीच मातीच्या आहेत. अशा ठिकाणी साफ करून उपयोग नसतो, आत छिद्रं पाडलेला पीव्हीसी पाइप त्याच दिवशी, मशीन जागेवर असतानाच, सरकवायला लागतो, नाहीतर ते भोक विसरा.

तात्यांनी नंतर दुसरं बोअर घेतलं ३७ फुटांवर, गेरूच्या एक फूट वर, रॉडला एक इंच चढ धरून, मुद्दाम त्या शेवाळाच्या डागाच्या रेषेत. पहिल्यासारखी मनगटाएवढी धार काय आली नाही, त्यामुळं मशीनवाल्याचं तोंड जरा उतरलंच. डिसेंबरात २० लिटरची बादली ४० सेकंदात भरत होती, म्हणजे तासाला १,८०० लिटर. मे महिन्यात त्याच बादलीला साडेतीन मिनिटं. तरी दिवसाला आठ हजार लिटर झाले की, जनावरं आणि डाळिंबाचं ठिबक त्यावर निघालं. माझ्या मते चांगलं बोअर म्हणजे हे. पहिल्या दिवशीच्या धारेवर बोअरची किंमत करू नका, त्या दिवशीच्या पाण्यात तर मशीनला दिलेलं पाणीसुद्धा असतं, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा आणि मग मे मधे मोजा.

चौथं कारण कुणाला ऐकायला आवडत नाही. बोअर व्यवस्थित आहे, पट्टाही बरोबर सापडलाय, फक्त खडकात तेवढं पाणीच नव्हतं. सरकारी भूजल मोजणीत कुजलेल्या-भेगाळलेल्या बेसाल्टमधनं निघण्याजोगं पाणी खडकाच्या १ ते ३ टक्के धरतात. २ धरू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तेवढ्या भागात पातळी १० फूट खाली गेली तर पाणी मिळालं ८,७१२ घनफूट, म्हणजे अडीच लाख लिटरला थोडं कमी. आकडा मोठा वाटतो ना? तासाला १८ हजार लिटर फेकणारी मोटर ते चौदा तासांत उपसते, आणि त्याच एकरावर पसरलं तर अडीच इंचसुद्धा होत नाही, म्हणजे पाटानं एक पाळी. आडवं बोअर नवीन पाणी तयार करत नाही, आजूबाजूच्या खडकात साठलेलं लवकर विहिरीत आणतं. पहिल्या वर्षी वर्षानुवर्षांचा साठा मिळतो, दुसऱ्या वर्षीपासून फक्त त्या वर्षीचा पाऊस जेवढा मुरला तेवढंच. माण-आटपाडीला वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मुरणारा भाग छोटा. मग बोअर वाढवून काय होणार, उलट साठा अजून लवकर संपतो. ओळखायचं कसं? धार हळूहळू आणि सारखी कमी होत जाते, लाल नाही, गढूळ नाही, लॅटरल शेवटपर्यंत जाते, आणि शेजाऱ्यांच्या पातळ्याही तेवढ्याच खाली आहेत. अशा वेळी खर्च बोअरवर नाही, वरच्या अंगाला पाणी मुरवण्यावर करा, नाहीतर टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं आवर्तन आलं की ओढ्यात सोडलेलं पाणी आपल्या पट्ट्यापर्यंत पोचतं का ते बघा, ते पोचत असेल तर बंद पडलेलं बोअर काहीही न करता चालू होतं आणि मालक म्हणतो पूजा घातली म्हणून झालं.

उलटं वाहणारं बोअर हा वेगळाच ताप. विहीर भरलेली असताना बोअरचं तोंड पाण्याखाली असतं, आणि ते बोअर ओढ्याच्या अंगाला किंवा सखल बाजूच्या शेजाऱ्याच्या विहिरीकडं गेलेलं असेल तर आपलंच पाणी तिकडं जातं. भाऊबंदकीत यावरनं डोकी फुटलीत. तपासायला मोटर बंद ठेवून चोवीस तासांत पातळी किती उतरते ते मोजा, मग तोंडाला लाकडी खुंटी आणि रबर मारून पुन्हा चोवीस तास मोजा. फरक स्पष्ट दिसला तर ते भोक गळतंय. तोंडाला दोन फूट जीआय पाइप सिमेंटमधे बसवून बॉल व्हॉल्व्ह लावला की झालं, पावसाळ्यात बंद, पाणी खाली गेलं की चालू. खरं तर प्रत्येक बोअरला व्हॉल्व्ह पाहिजे, दिवसभर विहिरीत नुसतं साठून राहण्यापेक्षा खडकात राहिलेलं पाणी बरं.

तोंडाशी पांढरा थर जमत असेल तर तो चुना. कण खरवडून त्याची पूड करून लिंबू पिळा, फसफसलं तर चुनाच. हा थर बहुतेक तोंडाजवळच्या काही फुटांत असतो, जिथं पाण्याला हवा लागते, रॉडला बिट लावून पुन्हा फिरवला तर निघतो. ॲसिड ओतायचा सल्ला देणारे भेटतील, बंद विहिरीत ते करू नका, आणि वर ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर बिलकुल नको, क्लोरीन तयार होतो आणि वर यायला वेळ मिळत नाही. तसंच डिझेल इंजिन खाली विहिरीत उतरवून चालवायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास देत नाही. कॉम्प्रेसर वर, नळी खाली.

पलूस, वाळवा, मिरज पट्ट्यातल्या लोकांसाठी एवढंच की नदीकाठी वीस-तीस फूट काळी माती आणि गाळ असतो तिथं वरचं सगळं लागू नाही, गाळात आडवं भोक टिकतच नाही, आणि क्षारपड रानाच्या अंगाला मारलंत तर खारं पाणी आपल्या पैशानं घरात आणल्यासारखं आहे, आधी पाणी तपासून घ्या नाहीतर पाण्यातले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर कुणाकडनं तरी आणा.

आणि नवीन बोअर घ्यायचंच असेल तर मशीन आल्यावर काय करायचं. एक फळी, त्यावर रॉडगणिक मूठभर चुरा ओळीनं, शेजारी प्रत्येक रॉडला लागलेली मिनिटं पेन्सिलीनं. निळसर-काळं बारीक पीठ आणि जास्त वेळ म्हणजे पाषाण. तपकिरी चुरा, त्यात पांढरे-हिरवट कण म्हणजे मांजऱ्या, पांढरं फारच असेल तर भोकं भरलेली आहेत. काळ्याच कपच्या पण एका अंगाला गंजासारखा डाग असेल तर ती पाण्याची चीर, तिथला फूट नक्की लिहा. बोटाला चिकटणारं विटकरी म्हणजे गेरू, आणि गेरू दिसला की तिथंच थांबवायचं, "अजून दोन रॉड बघू" नाही. फुटावर पैसे घेणारा थांबा म्हणणार नाही, ते तुम्हालाच म्हणायला लागणार. थांबवून रॉड बाहेर काढा, मशीनचं पुढचं तोंड अर्धा इंच उचला आणि शेजारून नवीन भोक सुरू करा, आणि पहिल्याचं तोंड त्याच दिवशी सिमेंटनं बुजवा, नाहीतर पहिल्या पावसात त्यातनं येणारा लाल गाळ मोटरच्या इंपेलरमधे जाऊन बसतो.